मुखरोग, शस्त्रक्रिया आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडाबंदी, वसतिगृह, शेतीमालाचे भाव अशा विषयांवर अधिकारी पुरुषांची व्याख्याने झाली. आम्ही त्या पंक्तीतले नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि दारव्हा, घाटंजी व आर्णी या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षे मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली, एवढीच आमची पुंजी. कार्यकारिणीने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली ती विद्वत्तेसाठी नव्हे. आमच्या जिभेस कर्करोग झाला, तिचा काही भाग कापून काढावा लागला, आणि या गोष्टीविषयी चारचौघांत बोलण्यास आमची हरकत नाही, हीच आमची पात्रता. आमचे काही उच्चार आपणांस बोबडे वाटतील. त्याचे कारण ओघात येईलच. तोवर क्षमा असावी.

कार्यक्रमपत्रिकेत विषयाचे नाव ‘मुखारोग्य’ असे छापले आहे. ते सभ्य नाव आहे. आम्ही मात्र रोगाचे खरे नाव घेऊनच बोलणार आहोत, कारण ते नाव न घेण्याच्या रीतीपायी आपल्या घरांतून किती दिवस वाया जातात, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

सेवानिवृत्तीनंतर चौथ्या वर्षी आमची खालची डावी दाढ अर्धी तुटली. शेजारच्या दोन दाढा पूर्वीच गेल्या होत्या, तेव्हा उरलेला तुकडा काढून एकदाच कवळी बसवून घ्यावी, या हेतूने आम्ही येथील एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. वयाने लहान, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची कन्या. आम्ही कवळीच्या किमतीची चौकशी करीत होतो आणि बाईंचे लक्ष भलतीकडेच होते. त्यांनी कापडाच्या घडीने जिभेचे टोक धरून जीभ उजवीकडे ओढली, आरशाने डावी कड पाहिली आणि विचारले, “गुरुजी, ही जखम किती दिवसांची?” जखम आहे हेच आम्हांस ठाऊक नव्हते. तसे सांगून आम्ही वर म्हटले, “दुखत तर काही नाही.” त्या म्हणाल्या, “दुखत नाही, तेच मला आवडले नाही.”

तेथून नागपूर, तेथे जखमेचा कणभर तुकडा काढणे, आणि सात दिवसांनी कागद. त्या कागदावर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे शब्द होते. तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशींपासून उद्भवणारा हा कर्करोग. तोंडातील बहुतेक कर्करोग याच जातीचे असतात. आम्हांस जन्मात तंबाखूची सवय नव्हती. खर्रा शाळेच्या आवारात येऊ दिला नाही. लग्नकार्यात विडा पुढे आला तर सुपारी काढून पान तेवढे घ्यावे, असा आमचा क्रम. तेव्हा हे दुखणे आमच्या वाट्यास येईल, अशी शंकाही आम्हांस कधी शिवली नव्हती. शस्त्रवैद्यांना तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, आपल्याकडच्या रोग्यांत तंबाखू-सुपारीवाल्यांचा भरणा फार मोठा खरा, पण सगळेच तसे नसतात. तुटक्या दाताची धार एकाच जागी दीर्घकाळ घासत राहिली, तर तिच्याकडेही वैद्यकशास्त्र संशयाने पाहते. आणि काहींच्या बाबतीत कारण म्हणून बोट ठेवावे असे काही सापडत नाही.

गावात मात्र कारण दोन दिवसांत सापडले. “मास्तर लपून खात असले पाहिजेत!” हे वाक्य आमच्या कानावर तीन निरनिराळ्या मार्गांनी आले. आम्हांस त्याचा राग आला नाही असे नव्हे. परंतु विचार केल्यावर ध्यानात आले की, या वाक्याची भीती खाणाऱ्यास व न खाणाऱ्यास सारखीच वाटते. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हणजे जणू चारित्र्याचा दाखला. म्हणून घरात कागद येताच पहिले वाक्य निघते, “कोणाला सांगू नका.” आमच्या घरातही तेच निघाले.

आमच्या घरी तर त्यास सबळ कारण होते. धाकट्या कन्येचे साक्षगंध उरकले होते आणि विवाहाची तिथी दोन महिन्यांवर होती. आप्तमंडळी जमली. सल्ला देण्यात आपली ज्ञाती कधीच कृपण नाही. एका वडीलधाऱ्या आप्तांचे म्हणणे असे की, गाठ तिळाएवढी, दुखत नाही, खुपत नाही. लग्न लागू द्यावे, मग पाहावे. दुसऱ्यांनी एका खेड्यातील झाडपाला देणाऱ्याचा पत्ता आणला. तीन महिन्यांत गाठ गळून पडते, असा त्याचा लौकिक. तिसऱ्यांनी निक्षून सांगितले की, या रोगास सुरी लागली की तो भडकतो. त्यांच्या माहितीतील चार जण शस्त्रक्रियेनंतर वर्षाच्या आत गेले होते.

हे तिसरे मत आपल्या जिल्ह्यात इतके पसरलेले आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. ते चार जण गेले, हे खोटे नव्हे. पण ते शस्त्रवैद्याकडे पोहोचले केव्हा? गालास भोक पडल्यावर, जबड्याचे हाड पोखरल्यावर, मानेत लिंबाएवढी गाठ आल्यावर. तोवर झाडपाला झाला, नवससायास झाले, पेरणी झाली, कापूस वेचून झाला. शेवटच्या घटकेस सुरी आली आणि सगळा दोष तिच्या माथी गेला. सुरीने रोग पसरत असता, तर ज्यांची गाठ लहान असतानाच काढली ते सर्वांत आधी जायला हवे होते. प्रत्यक्षात तेच अधिक जगतात.

शस्त्रक्रिया ही परकी विद्या, असाही एक सूर निघतो. सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखाचे ३, अशी त्याची फोड आहे. आणि शस्त्राने छेद घेण्यास तो कचरत नाही. आपल्या पुण्याजवळची गोष्ट तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मनुष्य टिपूच्या कैदेत सापडला, तेथे त्याचे नाक कापले गेले. विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे वळवून त्यास नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात ते चित्रासह छापून आले आणि युरोपातील शस्त्रवैद्यांनी तेथून ही युक्ती उचलली. आज जबड्याचा भाग काढावा लागला, तर पायाच्या नळीशेजारचे बारीक हाड आणून तेथे बसवितात. गाल काढावा लागला, तर छातीचे वा मनगटाजवळचे मांस-कातडे लावतात. एका जागचे कातडे दुसरीकडे नेऊन जिवंत ठेवण्याची ती जुनी कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे. हे आम्ही त्या आप्तांस सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, पण ते गप्प बसले.

आता उरला पहिला सल्ला, लग्न होईपर्यंत थांबण्याचा. तो मायेने दिलेला असतो, म्हणून अधिक घातक. आम्ही शस्त्रवैद्यांस सरळ विचारले, दोन महिने थांबलो तर काय होईल? त्यांनी कागदावर जीभ काढून दाखविली. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि पाच मिलिमीटरपर्यंत खोल असेल, तर ती पहिल्या अवस्थेतील. आमची दीड सेंटिमीटर रुंद, चार मिलिमीटर खोल. खोली जशी वाढते, तसा रोग रसवाहिन्यांतून मानेतील गाठींत उतरतो. जिभेच्या बाबतीत हे फार लवकर घडते. “गुरुजी,” ते म्हणाले, “आज मला जिभेची एक कड काढावी लागेल. दोन महिन्यांनी किती काढावी लागेल, ते मी आज सांगू शकत नाही.”

याच तालुक्याभोवतालच्या एका घरातील हकिकत सांगतो. नावगाव सांगत नाही. कुटुंबप्रमुखाच्या खालच्या हिरडीस व्रण झाला. तपासणीचा कागद आला, तेव्हा मुलाचे लग्न ठरत होते. त्या सद्गृहस्थांनी कागद कपाटात ठेवला आणि पत्नीसही सांगितले नाही. चार महिन्यांनी लग्न थाटात झाले. त्यानंतर अर्धा जबडा काढावा लागला, पायाचे हाड बसवावे लागले, किरणोपचार घ्यावे लागले. आज ते हयात नाहीत. त्यांच्या सूनबाईंस पुढे हे समजले. त्या म्हणाल्या, “मामंजींनी सांगितले असते, तर आम्ही लग्न सहा महिने पुढे ढकलले नसते का?”

लपविणे आणि लांबविणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हांस अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांच्या चरित्रांवरून कळले. जनरल ग्रँट यांना १८८४ च्या जूनमध्ये फळ खाताना घशात भयंकर कळ आली. तज्ज्ञास दाखविले ते ऑक्टोबरात. जीभ-घशाच्या त्या कर्करोगाने २३ जुलै १८८५ रोजी त्यांचा अंत झाला. उलट ग्रोव्हर क्लीव्हलंड. १८९३ च्या जूनमध्ये त्यांच्या टाळूवर गाठ दिसली. देशात आर्थिक संकट आलेले. राष्ट्राध्यक्ष आजारी असल्याचे कळले तर बाजार कोसळेल, ही भीती. म्हणून १ जुलै रोजी एका मित्राच्या ‘ओनीडा’ नावाच्या नौकेवर, पाण्यात, गुपचूप त्यांचा डावा वरचा जबडा बराचसा काढला आणि तेथे रबराचा पत्रा बसविला. ज्या वार्ताहराने बातमी दिली त्यास खोटे ठरविले गेले. खरे काय ते त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी डॉक्टर कीन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. क्लीव्हलंड १९०८ पर्यंत जगले. त्यांनी जगापासून लपविले, पण एक पंधरवडाही लांबविले नाही. मात्र त्यांच्या दिमतीस नौका होती व सहा-सात वैद्य होते. आपल्या घरी जो रोग लपवितो, त्यास तो लांबवावाच लागतो. कारण नागपूरला जायचे तर पैसा, सोबती, रजा, सगळे कोणास तरी सांगावेच लागते.

आपल्या महाराष्ट्रात दोन ठळक उदाहरणे आहेत. राजकारण बाजूस ठेवून ऐकावे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास श्री. शरद पवार यांना तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले; आणि त्याच वर्षापासून २०१४ पर्यंत दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. आपल्या सवयीविषयी व दुखण्याविषयी ते पुढे जाहीर सभांतून बोलत आले. दुसरे श्री. आर. आर. पाटील. राज्याचे गृहमंत्रिपद भूषविलेला, गरिबीतून वर आलेला हा कर्ता पुरुष १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने ५७ व्या वर्षी गेला. एकाच रोगाचे असे दोन शेवट होतात. आणि यात रोग्याच्या धैर्यापेक्षा रोगाच्या अवस्थेचा वाटा मोठा असतो, हे जाणून कोणी कोणास नावे ठेवू नयेत.

असो. आम्ही नियोजित व्याह्यांकडे गेलो. सौभाग्यवती बरोबर होत्या. चहा येण्यापूर्वीच आम्ही कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि म्हणाले, “मास्तर, दोन गोष्टी विचारतो, राग मानू नका. हा रोग घरात दुसऱ्यास लागतो का? आणि मुलाबाळांत उतरतो का?” हेच दोन प्रश्न आम्ही शस्त्रवैद्यांस आधी विचारून ठेवले होते. हा रोग ताटातून, पेल्यातून, शेजारी बसण्याने लागत नाही. बापाच्या तोंडातील हा रोग लेकीच्या पदरी येतो, असेही नाही. शस्त्रवैद्य हसून म्हणाले होते की, घराण्यात उतरते ती बहुधा खर्ऱ्याची पुडी. व्याही म्हणाले, “घरात विचारतो.” त्यानंतर दोन दिवस निरोप नाही. तुकड्याच्या कागदाची वाट पाहण्याचे सात दिवस आम्ही काढले होते, पण हे दोन दिवस त्याहून जड गेले. आमच्या कन्येने त्या दोन दिवसांत घरातील सगळी भांडी घासून काढली. बोलली काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला, “तिथी तीच ठेवू. तुम्ही शस्त्रक्रिया उरकून घ्या. मांडवात उभे राहवले नाही तर खुर्चीवर बसा; मंगलाष्टके म्हणायला आमचे भटजी आहेत, तुमच्या आवाजाची गरज नाही.”

या मंडळातर्फे दरवर्षी वधूवर मेळावा भरतो. तेथे पत्रिका पाहतात, शेती पाहतात, नोकरी पाहतात. वधूच्या वा वराच्या पित्याच्या गळ्यावर शस्त्रक्रियेची खूण दिसली म्हणून ज्या घराने पाऊल मागे घेतले, अशी घरेही आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तुमच्या त्या एका पावलाने आणखी दहा घरांतील कागद कपाटात जातात.

शस्त्रक्रियेविषयी आता थोडक्यात. आदल्या रात्री संमतिपत्र पुढे येते. आम्ही ते मराठीत मागून घेतले आणि विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसे ओळीओळीने वाचले. वाचा जाऊ शकते, गिळणे अवघड होऊ शकते, प्राणास अपाय होऊ शकतो, सर्व लिहिलेले होते. प्रत्येक ओळीपाशी थांबून आमच्या बाबतीत याचा संभव किती, असे विचारले. आणि त्या तरुण निवासी डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरे दिली. सही करण्यापूर्वी विचारणे हा रोग्याचा अधिकार आहे. वैद्यांस त्यात अपमान वाटत नाही, हा आमचा अनुभव.

नाकातून नळी घालून भूल देतात. गाठीभोवती सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन जिभेची कड काढली, आणि मानेस छेद देऊन डाव्या बाजूच्या रसग्रंथीही काढल्या. पुढे त्या ग्रंथी तपासल्या, तेव्हा एकीतही रोग सापडला नाही. लगेच एका नातलगाने विचारले, मग मान उगाच कापली म्हणायची! याचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेच दिले आहे. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रारंभीच्या अवस्थेतील सुमारे पाचशे मुखकर्करोग्यांचे दोन गट केले. एका गटाच्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या. दुसऱ्या गटाच्या, मानेत रोग दिसू लागल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रोगी हयात होते, दुसऱ्यातील ६७.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शस्त्रवैद्यांनी तो मानला. आमच्या मानेवरील ही रेघ त्या हिशेबाची आहे. खांदा अजून जड वाटतो, हात पूर्ण वर नेताना ओढ बसते; पण फळ्यावर लिहिण्याचे दिवस संपले आहेत, चालते.

शुद्धीवर आलो तेव्हा बोलता येणार नाही, हे ठाऊक होते. सौभाग्यवतींनी बाजारातून पाटी व लेखणी आणून ठेवली होती. हल्ली मोबाईलवर लिहितात, परंतु त्यांना पाटीच सुचली. तिच्यावर आम्ही पहिले वाक्य लिहिले, “चहा केव्हा?” चहा मिळाला दहा दिवसांनी. तोवर नाकातील नळीतून दूध, वरणाचे पाणी, गाळलेली पेज. पुढे ताकात कुस्करलेली भाकर. टाक्यांची जागा चांगली भरली, कडा रोगमुक्त निघाल्या, म्हणून किरणोपचाराची गरज पडली नाही. ज्यांना ती पडते, त्यांचे दिवस अधिक कठीण असतात. तोंड सोलवटते, लाळ आटते, अन्नास चव राहत नाही. त्यांच्या घरच्यांनी तेव्हा जेवणाचा आग्रह न करता घोटाघोटाने भरवावे.

विवाहाच्या दिवशी आम्ही मांडवात खुर्चीवर बसलो होतो. मानेस पट्टी होती, मांडीवर पाटी होती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने काय झाले ते विचारले, आणि आम्ही प्रत्येकास ‘जिभेचा कर्करोग, काढला’ असे लिहून दाखविले. त्याच दिवशी दोन गृहस्थ आम्हांस बाजूस घेऊन आपले तोंड दाखवू लागले! एकाच्या गालात पांढरा चट्टा होता. त्यांस आम्ही दुसऱ्या दिवशी दंतवैद्य बाईंकडे पाठविले.

मग आली बोलण्याची वेळ. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हांस मुळाक्षरे म्हणावयास लावली. छत्तीस वर्षे जी आम्ही इतरांकडून म्हणवून घेतली, तीच! प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण जसेच्या तसे निघाले. क, ख, ग बरे होते. त, थ, द थोडे जाड. पण ट, ठ, ड, ढ, ण या मूर्धन्य वर्गाशी गाडे अडले, कारण त्यास जिभेचे टोक मागे वळवून टाळूस लावावे लागते आणि आमची जीभ डावीकडे आखडलेली. सर्वांत अवघड ळ. बंधुभगिनींनो, आपल्या वऱ्हाडात ळ चा य होतो, हे आपणांस सांगावयास नको. मूल शाळेत येते ते ‘शाया’ म्हणतच, फयाकडे पाहतच आणि ‘काया’ खडू मागतच. ही ळ ची लढाई आम्ही प्रत्येक इयत्तेत लढलो. छडी नव्हे, पण डोळे वटारून. आणि आता आमच्याच तोंडातून ‘शाया’ निघू लागले. दारावरून जाणारा एक जुना विद्यार्थी ते ऐकून थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, आता तुम्ही आमच्यातले झाले.” आम्ही पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसलो, टाक्यांस ओढ बसली.

सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास आरशापुढे बसून ‘बाळ, माळ, फळ, शाळा’ असे घोकता घोकता पाच महिन्यांनी ळ परत आला. अजून दमलो की जातो. आज आतापर्यंत टिकला आहे.

तंबाखू-सुपारीविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे, म्हणून मोजके बोलतो. सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्या पानठेल्यांवर मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ च्या जुलैत गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली, तरी खर्ऱ्याची पन्नी गटारांतून दिसतेच. अनेक जण तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येतात आणि सुटलो असे मानतात. तोंड आखडत जाण्याचा जो विकार आपल्याकडे तरुणांत दिसतो, त्याचे वर्णन मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. आणि त्याचे मूळ सुपारीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक म्हणून नोंदविली. आपली मधली तीन बोटे एकावर एक, उभी, दातांच्या मधे घालून पाहावीत. ती जात नसतील, तर दंतवैद्य गाठावा. अशा आखडलेल्या तोंडावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देणाऱ्यासही नळी घालण्याची पंचाईत होते.

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, कारणावाचून हलणारा दात, मानेत लागलेली गाठ, यांपैकी काहीही असो, तपासून घ्यावे. मलम लावून महिने काढू नयेत. आमच्या एका स्नेह्यास एके ठिकाणी तोंड आल्याच्या गोळ्या अडीच महिने मिळत राहिल्या. जायचे कोठे, हा प्रश्न आता पूर्वीइतका बिकट नाही. यवतमाळास वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम व सावंगी जवळ आहेत, नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. राष्ट्रसंत स्वतः १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले, हे तेथील पायऱ्या चढताना आम्हांस आठवले. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यात या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र पहिल्याच फेरीस बरोबर न्यावे, म्हणजे परतीची एक फेरी वाचते. आणि रोग्यास एकटे पाठवू नये. ऐकलेले अर्धेच ध्यानात राहते. दुसऱ्या कोणी तरी वही घेऊन बसावे.

आमच्या शस्त्रक्रियेस तीन वर्षे होत आली. अजून ठराविक मुदतीने नागपूरची फेरी असते. तेथे जीभ बाहेर काढून दाखवितो, मान चाचपून घेतो आणि संध्याकाळच्या बसने परत येतो.

कार्यवाह घड्याळ दाखवीत आहेत. पलीकडच्या खोलीत आपल्याच ज्ञातीतील दोन दंतवैद्य दिवा व आरसा घेऊन बसले आहेत. पाच वाजेपर्यंत थांबणार आहेत. पंगत एक वाजता बसेल, तेव्हा तोंड स्वच्छ असतानाच दाखवून घेतलेले बरे. भगिनींची रांग वेगळी ठेवली आहे. मशेरी लावणाऱ्या वडीलधाऱ्या बायांना सुनांनी हाताला धरून आणावे. कवळी असेल त्यांनी ती काढून बसावे. आत कोण काय दाखवून आले, याची चर्चा पंगतीत होऊ नये, अशी विनंती आहे. आणि झालीच, तर आमच्या नावाने व्हावी.